समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती

इफ्फतला पहिली शिसारी आली ती टेबलावरच्या नावाच्या पाट्या वाचून.

अकोल्याच्या एका सरकारी सभागृहात त्या दिवशी सामुदायिक मध्यस्थीचं शिबिर भरलं होतं. गावातली भांडणं कोर्टात कुजत ठेवण्यापेक्षा समाजातल्या तीन प्रतिष्ठित व्यक्तींच्या समोर बसवून मिटवायची, अशी नवी व्यवस्था आली होती. भिंतीवर बॅनर, टेबलाला झालर आणि झालरीमागे तीन खुर्च्या. उजवीकडे तानुबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मध्ये पंजाबराव. डावीकडे गयासुद्दीन.

पंजाबराव म्हणजे ज्याच्या जातपंचायतीविरुद्ध इफ्फतची अशील रागिणी तक्रार घेऊन आली होती, तोच माणूस. आणि गयासुद्दीन म्हणजे इफ्फतचा सख्खा मामू.

"या वकीलबाई, या," पंजाबरावांनी कडक इस्त्रीच्या जाकिटातून हात पुढे केला. "हे काई कोर्ट नाही. आपलं घरच समजा."

मामूनं मान हलवून ओळख दिली आणि लगेच नजर कागदावर नेली, जणू भाची नव्हे, कोणी लांबची वकील आली होती.

रागिणी इफ्फतच्या शेजारी बसली होती. तिशीची, सडसडीत. अमरावतीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी. माहेर अकोट रस्त्यावरच्या एका खेड्यातलं, सासर अमरावतीचं. नवरा मारायचा. नुसता मारायचा नाही, मारून झाल्यावर शेजाऱ्यांना चहाला बोलवायचा, म्हणजे घरात सगळं ठीक आहे हे दिसावं. रागिणीनं काही वर्षं काढली आणि एक दिवस सरळ कुटुंब न्यायालयात गेली. रीतसर घटस्फोट झाला, हुकूम हातात आला. तिला वाटलं, सुटले.

पण तिच्या समाजाच्या पंचायतीला ते मान्य नव्हतं. लग्न जातीनं लावलं, तर मोडणार जातच. कोर्टाची फारकत ही फारकतच नव्हे. वर, पंचांना न विचारता ती कोर्टाची पायरी चढली हा वेगळा गुन्हा. दर्यापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात पंचायत बसली आणि निवाडा झाला. रागिणीनं पंचांच्या चपला डोक्यावर घेऊन सभेला फेरी मारायची आणि माफी मागायची. तोवर तिच्या बापाचं घर वाळीत.

रागिणी गेली नाही. बाप गेला.

खुशालराव हा काळ्या मातीत कष्ट उपसलेला, उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. पोरगी येत नाही तर मी माफी मागतो म्हणून तो मंगल कार्यालयात उभा राहिला, आणि पंच म्हणाले, मग तूच घे. त्यानं घेतल्या. कोणीतरी मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं आणि समाजाच्या ग्रुपवर टाकलं. रागिणीनं ते लॅबमध्ये, हातात मोजे असताना पाहिलं.

इफ्फतनंही पाहिलं होतं, पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा. म्हातारा दोन्ही हातांनी डोक्यावरचा चपलांचा ढीग सावरत खुर्च्यांच्या रांगांमधून चालतोय. मागच्या बाजूला पंगत बसलीय, एक जण परातीतून जिलेबी वाढतोय, आणि जिलेबी घेणारे मान वळवून बघताहेत. एका बाईनं पोराला कडेवर उचललं, त्याला नीट दिसावं म्हणून. कॅमेऱ्याच्या बाहेरून एक आवाज येतो, शांत आणि जवळजवळ प्रेमळ. "हयू हयू चाल, खुशाल. घाई नाही."

तो आवाज पंजाबरावांचा होता. पण आवाजाला चेहरा नसतो. पुढे तिघांवर गुन्हा दाखल झाला, पण पंजाबरावांचं नाव तपासात कुठेतरी गळून गेलं.

बापानं चपला डोक्यावर घेऊनही वाळीत टाकणं काही उठलं नव्हतं. खरी गुन्हेगार आलीच नाही, असा त्यावर नवा ठराव झाला. खुशालरावांच्या अंगणात जातीतलं कोणी चहाला येईना. धाकट्या बंडूची जमत आलेली सोयरीक फिसकटली. तेव्हा रागिणी इफ्फतकडे आली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात स्वतंत्र कायदा आहे हे इफ्फतला पाठ होतं. ठाण्यातल्या हवालदाराला ते पटवून द्यायला मात्र तिला पुष्कळ घसा कोरडा करावा लागला. "घरातलं मॅटर हाय मॅडम, पोलिसाचं काय काम त्यात?" असं तो म्हणत राहिला.

बार रूममध्ये इफ्फतला गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारला जायचा. तुमच्यात तलाकचं कसं असतं? तुमचा काझी कोर्टापेक्षा मोठा का? विचारणारे हसत विचारायचे. तिनं त्यांच्यापैकी काहींना ती चपलांची चित्रफीत दाखवली, तेव्हा मात्र "गावाकडचं चालायचंच" म्हणून त्यांनी फोन परत दिला होता.

आता त्या गावाकडच्या माणसासमोर सरकारी झालर होती.

"माझी हरकत आहे," इफ्फत उभी राहिली. "तक्रार ह्यांच्या पंचायतीविरुद्ध आहे. हे मध्यस्थ कसे?"

शिबिराचं काम बघणारा मनोज नावाचा तरुण अधिकारी पुढे आला. पुण्यात कायदा शिकलेला, चष्म्यातून मनापासून बघणारा. "मॅडम, पंजाबरावांचं नाव आरोपपत्रात नाही. आणि समाजात मान असलेली, सचोटीची माणसं घ्या, असंच कायदा म्हणतो. लोक ज्यांचं ऐकतात त्यांनाच बसवलं तर समेट टिकेल ना? सगळं एकाच सरकारी कायद्यानं चालतं ही समजूत आता जुनी झाली. माणसं एकाच वेळी चार कायद्यांत जगतात. आपण फक्त त्या चारांना एका टेबलावर आणतोय."

तो खोटं बोलत नव्हता, हेच इफ्फतला जास्त लागलं. लबाड माणसाशी भांडता येतं. ह्याचा त्यावर विश्वास होता. त्यानं चार कायदे पुस्तकात पाहिले होते. त्यांतला एक कोणाच्या डोक्यावर कसा बसतो, ते त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

"फीत बघितलीत तुम्ही?" तिनं विचारलं.

"बघितली. वाईट आहे," मनोज म्हणाला. "म्हणूनच मिटवायचंय."

उठून जाता आलं असतं. दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय मध्यस्थी होत नाही. पण खुशालरावांनी संमती आधीच दिली होती, आणि रागिणीला फोन करून ते एवढंच म्हणाले होते, "माह्यासाठी एकडाव ये." म्हणून ती आली होती.

पंजाबराव बोलायला लागले. आवाज तोच, फितीतला. "हे पाहा बाई, चूक कोनाची थे आमी काढतच नाही. पोरगी शिकली, शहरात राह्यली, तिले रीत मालूम नाही. समाज म्हनजे मायबाप. मायबाप रागावते अन मायबापच पोटाशी घेते. काय गयासुद्दीनभाई?"

"बिलकुल," मामू म्हणाले. "घर की बात घर में. आमच्याकडं पन आमी हेच करतो."

तानुबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं आणि चहा आल्यावर ते मिटलं.

मनोजनं मसुदा वाचला. रागिणी आपल्या वागण्यानं समाजाच्या भावना दुखावल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करते. समाज तिला आणि तिच्या कुटुंबाला पूर्ववत सामावून घेतो. मागील सर्व घटना उभयपक्ष विसरतात. संबंधित चित्रफीत सर्वांनी नष्ट करावी. सुरू असलेला खटला मिटवण्यास उभयपक्ष न्यायालयाची परवानगी मागतील.

इफ्फत ऐकत होती. मंगल कार्यालयातला निवाडा होता तोच हा. फक्त त्याला सुवाच्य मराठी नेसवली होती. तिथे चपला होत्या, इथे 'दिलगिरी' होती. त्या चपलांना निदान आपण चपला आहोत हे लपवावं लागलं नव्हतं.

"मी माफी मागीन," रागिणी अचानक म्हणाली.

इफ्फतनं तिच्याकडे वळून पाहिलं. पंजाबरावांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"मागीन माफी," रागिणी म्हणाली. "पन त्या कागदावर पहिले झालं थे लिहा. माह्या बापानं तुमच्या चपला डोक्यावर घेतल्या, अन तुमी थ्याले हयू चाल म्हनलं, असं लिहा. कोन कोन जिलेबी खाऊन राह्यलं होतं थे लिहा. मंग मी सही करीन."

मनोज गडबडला. "अशी भाषा समझोत्यात बसत नाही, ताई."

"झालं थे बसत नाही, अन दिलगिरी बसते?"

पंजाबराव शांतच होते. त्यांनी तिच्याकडे न बघता बापाकडे पाहिलं. "खुशाल, असं काई झालं का रे?"

खुशालराव मागच्या रांगेत बसले होते. टोपी मांडीवर ठेवलेली. त्यांनी ती उचलली, पुन्हा ठेवली.

"बाबा," रागिणी म्हणाली.

खुशालराव उठले, टेबलापाशी आले, मनोजच्या हातातला पेन घेतला आणि दाखवलेल्या जागी सही केली. मग मागे जाऊन बसले.

रागिणीनं पिशवी उचलली आणि ती बाहेर निघून गेली. तिची सही नाही म्हटल्यावर समझोता लुळा पडला. पंजाबराव मात्र अजिबात चिडले नाहीत. "येईल, येईल," ते म्हणाले, "बाप आला, पोरगी कुठं जाते?"

व्हरांड्यात मामूनं इफ्फतला गाठलं. "बेटा, त्या पोरीले समजव. तू सांगशील तर ऐकन थे. उगाच कायले कोर्ट कोर्ट?"

"मामू, तुम्ही त्याच्या शेजारी कसे बसलात?"

"मंग? चांगला मानूस हाय पंजाबराव. आमचं जमते. तो त्याच्या लोकाइले सांभायते, मी माह्या." मामूच्या आवाजात अभिमान होता.

मामू आपली माणसं कशी सांभाळायचे ते इफ्फतला चांगलं माहीत होतं. हीना ही मामूची स्वतःची मुलगी. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं तेव्हा इफ्फत म्हणाली होती, पोटगीचा अर्ज टाकू, मी लढते. मामूनं मोहल्ल्यातल्या चार मोठ्यांना बोलावलं आणि बैठकीत ठरवलं, की शरियतमध्ये आपलं सगळं आहे, कोर्टात जाणं बेअब्रूचं. हीनानं नवऱ्याकडून येणं असलेली मेहर माफ केली, म्हणजे तिच्याकडून माफ करवली, आणि तिला परत त्याच घरात पाठवलं. आता ती सणाला येते तेव्हाही बुरख्याची बाही मनगटाच्या खाली ओढून बसते. उकाड्यातसुद्धा.

आणि आजोबांच्या शेताची वाटणी आली, तेव्हा ह्याच मामूला शरियत आठवली नाही. शरियतनं तर बहिणींचा हिस्सा कुराणातच बांधून दिलेला आहे. तेव्हा मामू तलाठ्याकडे गेले, दुय्यम निबंधकाकडे गेले, आणि सरकारी स्टॅम्पवर बहिणींचं हक्कसोडपत्र करून घेतलं. इफ्फतची अम्मी, बिस्मिल्लाबी, घरातून निघताना भावासाठी शेवयांचा डबा घेऊन गेली होती आणि अंगठा देऊन आली होती. बाईला घरी पाठवायचं असलं की शरियत. बाईचं शेत घ्यायचं असलं की सरकारी कायदा. आणि जे दोन्हीत बसेना त्यासाठी हे नवं टेबल.

"सलाम सांग बिस्मिल्लाले," मामू जाताना म्हणाले.

इफ्फतनं बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. तोंडातली कडू चव काही जाईना.

रागिणीनं समझोता नाकारला म्हणून खटला चालू राहिला. पुढच्या उन्हाळ्यात साक्षी सुरू झाल्या. रागिणी अमरावतीहून एसटीनं यायची, कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली डबा खायची आणि पुकारा झाला की आत जायची. तिनं साक्ष सरळ दिली. उलटतपासणीत आरोपींच्या वकिलांनी तिचा घटस्फोट काढला, तिचं एकटीनं राहणं काढलं, लॅबमध्ये तिच्यासोबत कोण कोण पुरुष काम करतात तेही काढलं. ती प्रत्येक वेळी न्यायाधीशांकडे बघून उत्तर देत होती, त्या वकिलाकडे नाही.

मग खुशालरावांचा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी पडद्यावर फीत लावली. तिचा आवाज कोर्टात भरला. परात, जिलेबी, खुर्च्या, आणि मध्ये तो उंच म्हातारा.

"हा माणूस कोण?" सरकारी वकिलांनी विचारलं.

खुशालरावांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. एखाद्या लग्नाच्या फोटोत लांबचा नातेवाईक शोधावा तसं.

"मालूम नाही, साहेब."

"नीट बघा. तुम्हीच ना?"

"माह्यासारखा दिसते," खुशालराव म्हणाले. "पन मी नाही."

कोर्टात कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं आणि खुर्चीत बसले. इफ्फत मागच्या बाकावर होती. पंजाबरावांची घाण तिला सहन झाली होती, मामूचीही झाली असती. पण एका माणसाला आपल्याच अंगाबाहेर काढून उभं केलं होतं आणि त्याच्याच तोंडून वदवलं होतं, हा मी नाही. आणि ते करायला कोणाला चपलाही उचलाव्या लागल्या नव्हत्या.

बंडूचं लग्न महिन्याभरावर आलं होतं. सोयरीक पुन्हा जुळली होती. पत्रिकेत निमंत्रक म्हणून समाजाचे नामवंत होते, घरातल्या सगळ्यांची नावं होती, रागिणीचं नव्हतं.

हिवाळ्यात निकाल लागला तेव्हा न्यायाधीशांनी एक गोष्ट स्वच्छ लिहिली. बाप स्वतःला ओळखत नसला तरी लेक बापाला ओळखते, आणि तिच्या ओळखण्यावर अविश्वास ठेवायचं कारण नाही. तिघांना शिक्षा झाली. वरच्या कोर्टानं ती लगेच स्थगित केली आणि तिघेही घरी गेले. पंजाबरावांचा त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शिबिरात शाल देऊन सत्कार झाला. फोटोत त्यांच्या बाजूला मामू होते.

निकालाच्या दिवशी खुशालराव कोर्टाच्या फाटकाशी उभे होते. डोक्याला तेल, केस नीट चापून बसवलेले. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. इफ्फतला त्यांच्या डोक्याकडे बघवेना. तिथे तिला दरवेळी तोच ढीग दिसायचा.

"हे रागिणीले देजा," ते म्हणाले.

"तीच येतेय मागून. तुम्ही द्या."

रागिणी आली, बापासमोर थांबली. खुशालरावांनी पिशवी पुढे केली. "मी काय करू पोरी?" ते म्हणाले. "मले थ्याच गावात राहा लागते."

"राहा," रागिणी म्हणाली. तिनं पिशवी घेतली, वजन करावं तशी एकदा हातावर तोलली आणि स्टँडच्या रस्त्याला लागली. त्यात राग नव्हता, मायाही नव्हती. इफ्फतला वाटलं, ह्या पोरीचं कोर्टातलं जिंकणं हे एवढंच आहे. तिला आता कोणाच्या डोक्यावर काय आहे ते बघावं लागत नाही.

इफ्फत घरी आली तेव्हा दारात मामूच्या चपला होत्या. आत दस्तरख्वान अंथरलेलं, मामू मांडी घालून बसलेले, अम्मी त्यांच्या ताटात गोश्त वाढत होती.

"आओ बेटा," मामू म्हणाले. "ऐकलं, जितलीस म्हने. चला, झालं एकदाचं. आता आमच्या शिबिरात येत जा. पंजाबरावच म्हनत होते, एक शिकलेली बाई पाह्यजे, अन आपल्यातली असली तर अजून चांगलं."

इफ्फत खाली बसली नाही. "मामू, अम्मीचा शेतातला हिस्सा द्या."

अम्मीचा हात पळीवरच थांबला.

"हे काय मधातच?" मामू हसले. "हक्कसोड झालं बेटा. रजिस्टर हाय. कायद्यानं झालं."

"माहिती आहे. तुम्ही शरियतचे मोठे ना, शरियतनं द्या. ते जमत नसेल तर कोर्टात या. पंजाबरावांच्या टेबलावर मी येणार नाही. उद्या नोटीस पाठवते."

मामूनं बहिणीकडे पाहिलं. ती नजर इफ्फतच्या ओळखीची होती. पंजाबरावांनी खुशालरावांकडे टाकली होती, तीच. बघ तुझी पोर काय म्हणते, आता तू सांग.

बिस्मिल्लाबीनं उरलेला रस्सा भावाच्या ताटात ओतला, पळी भांड्यात ठेवली, पदराला हात पुसला.

"पहले खाना खा लेने दे उसको," ती लेकीला म्हणाली. "फिर बना तेरा कागज. अंगूठा मैं देती."

मामूनं घास तसाच हातात धरला. अम्मीनं रोटीची टोपली त्यांच्याजवळ सरकवली आणि इफ्फतसाठी ताट मांडलं. इफ्फत ताटापाशी बसली. समोर मामू जेवत होते, मान खाली घालून, हाड चोखत.